दुखणे दिसत नाही, म्हणून ते खोटे नसते
सिकलसेल आणि समान उपचाराचा हक्क



धानोरा तालुक्यातल्या वस्त्यांमध्ये सिकलसेलची बैठक घेतली की एक प्रश्न हमखास येतो. "सिस्टर, पोराला घेऊन दवाखान्यात गेलो तर म्हणते याला काही झालंच नाही. मंग हा रातभर रडते कायले जी?"

या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही याच प्रश्नाचे उत्तर देत आहोत. उत्तराचा एक भाग रक्ताचा आहे आणि दुसरा समाजाचा. दोन्ही समजल्याशिवाय पोराचे रडणे थांबणार नाही.

आधी आमची चूक सांगतो. आम्ही एका सरकारी रुग्णालयात नर्स होतो तेव्हाची गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा आला. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा. पाय आणि कंबर दुखते म्हणत होता. नाडी ठीक, ताप नाही, ब्लडप्रेशर ठीक. मधेच तो मोबाइल पाहायचा, मधेच कण्हायचा. आम्ही सोबतच्या सिस्टरला म्हटले, "आला परत. सुईची सवय लागली याला." सलाइन लावली आणि पुढच्या खाटेकडे गेलो. त्याची आई रात्रभर त्याचे पाय चोळत बसली होती. पहाटे पाचला ती एवढेच म्हणाली, "सिस्टर, तुमच्या पोराचं असं दुखलं असतं तर?" तोपर्यंत मुलाला धाप लागली होती. डॉक्टरांना उठवले, ऑक्सिजन लावला, दुखण्याचे नीट औषध दिले, मोठ्या रुग्णालयात पाठवले. मुलगा वाचला. पण सहा तास तो खोटा ठरला होता, आणि ठरवणारे आम्ही होतो.

ती माय आमच्याच समाजाची होती. म्हणजे भेदभाव करायला परजातीचाच माणूस लागतो असे नाही. गरिबाचे दुखणे हलके धरायची सवय व्यवस्था लावते, आणि पांढरा गणवेश घातला की ती आपल्यालाही लागते. हे कबूल केल्याशिवाय पुढचे लिहिण्याचा आम्हाला हक्क नाही.

थर्मामीटर तीन हातांतून गेला

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींच्या लिखाणात काठेवाडातील एका दलित शिक्षकाची हकीकत दिली आहे. ती त्या शिक्षकाच्या पत्राच्या रूपाने १९२९ साली गांधीजींच्या 'यंग इंडिया'त छापून आली होती. शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या मोठ्या माणसांनी रदबदली केली, फीची हमी घेतली, तेव्हा आला. पण वस्तीबाहेर थांबला. बाळंतिणीला तान्ह्या लेकरासह बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला. परत त्याच वाटेने तो डॉक्टरकडे गेला. दिव्याच्या उजेडात आकडा वाचून डॉक्टर न्यूमोनिया म्हणाला आणि निघून गेला. पुढे ती बाई मेली.

डॉक्टरला विद्या होती, औषध होते, थर्मामीटरही होता. त्याने हात मात्र लावला नाही. आज कोणी थर्मामीटर तीन हातांतून देत नाही. पण गोळ्या वरून हातात टाकणे, स्टेथोस्कोप न लावता चिठ्ठी लिहिणे, वस्तीच्या तोंडाशी उभे राहून लस देऊन परत जाणे, "तुम्ही लोकं असेच" म्हणणे, हे त्याच थर्मामीटरचे आजचे रूप आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यतेच्या पाहणीत ११ राज्यांतील ५६५ गावे पाहिली होती. सुमारे एक तृतीयांश गावांत सरकारी आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरात शिरत नव्हते.

विलायतेतही हेच

आपल्याला वाटते, परदेशात सगळे समान. इंग्लंडमध्ये तर सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांना मोफत आहे. तरी काय घडले पाहा.

इव्हान नेथन स्मिथ हा २१ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण. त्याला सिकलसेल होता. एप्रिल २०१९ मध्ये तो उत्तर लंडनच्या सरकारी रुग्णालयात भरती होता. त्याने ऑक्सिजन मागितला, मिळाला नाही. शेवटी त्याने रुग्णालयाच्या खाटेवरूनच ९९९ या आणीबाणीच्या नंबरवर फोन केला. आपल्याकडे वॉर्डात झोपलेल्या रुग्णाने १०८ ला फोन लावावा, तसे हे झाले. २५ एप्रिलला तो वारला. चौकशीत निष्पन्न झाले की त्याची लक्षणे वेळीच ओळखून उपचार केले असते, तर तो वाचला असता. या मृत्यूनंतर ब्रिटिश खासदारांच्या सर्वपक्षीय गटाने देशभरातल्या सिकलसेल रुग्णांचे अनुभव गोळा केले. नोव्हेंबर २०२१ च्या त्या अहवालाच्या नावाचा अर्थच असा होतो की कोणी ऐकतच नाही.

अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात २०१६ साली एक अभ्यास झाला. गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना विचारले, की काळ्या माणसांची कातडी जाड असते का, त्यांच्या नसा कमी संवेदनशील असतात का? अशा खोट्या समजुतींपैकी एक तरी खरी मानणारे जवळजवळ निम्मे निघाले. ज्यांच्या डोक्यात हे होते, त्यांनी काळ्या रुग्णाचे दुखणे कमी धरले आणि उपचारही कमी बरोबर सुचवले. हे डॉक्टर रागीट किंवा दुष्ट नव्हते. त्यांना असे वाटत होते, एवढेच.

तिकडे रंग, इकडे जात आणि गरिबी. समजूत मात्र एकच, की हे लोक काटक असतात, यांना एवढे दुखत नाही. "रोवणीत दिवसभर वाकतात, यांना काय होते?" हे वाक्य आम्ही वॉर्डात स्वतः ऐकले आहे.

रक्तात काय होते

आता रक्ताचा भाग. आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि मऊ असतात. बारीक रक्तवाहिनीतूनही त्या वाकून पार होतात. सिकलसेलमध्ये पेशीतले हिमोग्लोबिन बदललेले असते. ऑक्सिजन कमी पडला की पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. विळ्यांच्या आकाराच्या पेशी एकमेकींत अडकून वाट बंद करतात. पुढच्या हाडाला, मांसाला रक्त पोचत नाही आणि तिथे भयंकर कळा येतात. शिवाय चांगली लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलची १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कायम कमी आणि डोळे पिवळसर.

हा आजार स्पर्शाने, उष्ट्याने, पाण्याने होत नाही. करणी, बाहेरची बाधा तर मुळीच नाही. तो आईबापांकडून येतो, दोघांकडूनही. एकाकडूनच सिकलचा गुण आला तर मूल 'वाहक' होते, कागदावर एएस लिहितात. वाहक सहसा आजारी नसतो. दोघांकडून आला तर मूल 'पीडित', म्हणजे एसएस. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल पीडित होण्याची शक्यता १०० पैकी २५, वाहक होण्याची ५०, पूर्ण निरोगी होण्याची २५. प्रत्येक वेळी ही शक्यता नव्याने मोजायची. "एक पोरगा तसा झाला, आता पुढचे चांगले होतील" हा हिशेब चूक आहे. दोष बाईचा, हा हिशेब त्याहून चूक आहे.

आपल्याच भागात हा आजार का? वाहकाला लहानपणी जिवावरच्या मलेरियापासून काही संरक्षण मिळते. जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता, तिथे हा गुण टिकला. जंगलपट्टीत राहिलेल्या आपल्या पूर्वजांचा हा वारसा आहे. मात्र पीडित मुलाला हे संरक्षण नाही. त्याला मलेरिया झाला तर धोका जास्त असतो.

नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद १९५८ सालीच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात केली होती. म्हणजे विदर्भात हा आजार आहे हे जगाला कळून साठ वर्षे उलटली. बौद्ध, आदिवासी आणि काही इतर मागास जातींत तो जास्त आढळतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट आहे. मोहिमेचा भर आदिवासी भागावर आहे, आणि तो असायलाच हवा. पण त्यामुळे "हा आदिवासींचा आजार" असा समज पसरतो आणि आपली वस्ती स्वतःहून तपासणी मागत नाही. गोंडाच्या घरात आणि बौद्धाच्या घरात सिकलसेल सारखाच रडवतो. तपासणीची मागणी दोघांनी मिळून केली पाहिजे.

यंत्राला दुखणे दिसत नाही

ताप थर्मामीटरवर दिसतो. मोडलेले हाड एक्स-रेवर दिसते. सिकलच्या कळा कशावरच दिसत नाहीत. नाडी, ब्लडप्रेशर, एक्स-रे सगळे ठीक असतानाही रुग्ण तळमळत असतो. ज्याला लहानपणापासून दुखते, तो दुखतानाही बोलतो, मोबाइल पाहतो, मन दुसरीकडे वळवतो. म्हणून दुखणे कमी होत नाही. दुखण्याचे एकच माप आहे, रुग्णाचा शब्द. भेदभाव शिरतो तो इथेच. ज्याच्या शब्दाला गावात किंमत नाही, त्याच्या शब्दाला वॉर्डातही किंमत मिळत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो फार खर्चाचा नाही. इंग्लंडमध्ये २०१२ पासून मार्गदर्शक नियम आहे, की सिकलसेलच्या कळा घेऊन आलेल्या रुग्णाला अर्ध्या तासाच्या आत दुखण्याचे औषध द्यावे आणि आराम पडला का ते पुन्हा पुन्हा पाहावे. असा नियम लिहिला की नर्सच्या मर्जीवर काही राहत नाही. नियम असूनही स्मिथसारखा तरुण मेला, म्हणजे नुसता कागद पुरत नाही हेही खरे. पण कागदच नसेल तर मागणार कशाच्या आधारे? आम्ही काम केलेल्या एकाही वॉर्डात असा नियम भिंतीवर पाहिला नाही. आपली पहिली मागणी हीच असावी.

दुसरी बाजूही सांगतो. एका सिस्टरवर तीस-चाळीस रुग्ण, डॉक्टर एक, औषध संपलेले. अशा वॉर्डात जो ओरडेल, ज्याची ओळख असेल, त्याच्याकडे आधी लक्ष जाते. सिकलचा पोरगा बहुधा ओरडत नाही आणि त्याची ओळखही नसते. म्हणून भांडण सिस्टरशी नाही. जागा भरा, औषध ठेवा, नियम लावा, ही भांडणाची दिशा. कर्मचाऱ्यावर हात उगारणे हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याने नुकसान आपल्याच पोराचे होते.

घरी काय सांभाळायचे

पाणी भरपूर. तेंदूपत्त्याच्या दिवसांत, मोह वेचताना, उन्हात बाटली सोबत हवीच. थंडीत अंग झाकून ठेवा, गार पाण्यात फार वेळ उभे राहू नका. रोवणीचा चिखल आणि पाऊस या रुग्णांना हमखास पाडतो. दारू आणि तंबाखू वर्ज्य. मच्छरदाणी वापरा. फॉलिक ॲसिडची गोळी रोज. "रक्त कमी आहे" म्हणून लोहाच्या गोळ्या, टॉनिक मनाने घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. हायड्रॉक्सीयुरिया नावाचे औषध कळांचे झटके कमी करते. अमेरिकेतील १९९५ च्या मोठ्या अभ्यासात हे झटके जवळजवळ निम्म्यावर आले होते. ते डॉक्टरांच्या देखरेखीत, ठरल्या वेळी रक्त तपासत घ्यायचे असते. गरोदर बाईने किंवा मूल हवे असलेल्या जोडप्याने आधी डॉक्टरांना सांगायचे.

यापैकी काहीही दिसले तर घरी थांबू नका:

– ताप १०१ किंवा त्यापेक्षा जास्त.
– छातीत दुखणे, धाप लागणे.
– लहान मुलाचे पोट डाव्या बाजूला अचानक फुगणे, मूल पांढरे पडणे.
– हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलता न येणे, झटका येणे.
– गोळीने न थांबणाऱ्या कळा.
– मुलाच्या किंवा पुरुषाच्या लिंगाला ताठरपणा येऊन तो वेदनेसह तासन्‌तास राहणे. लाजेपोटी हे लपवले जाते. लपवू नका, हा आणीबाणीचा आजार आहे.
– गरोदर बाईला कोणताही त्रास.

दवाखान्यात काय बोलायचे

सिकलसेलचे कार्ड, जुने केसपेपर आणि चालू औषधांची चिठ्ठी एका प्लास्टिकच्या पिशवीत दाराजवळ टांगून ठेवा. दवाखान्यात पोचताच पहिले वाक्य असे म्हणा: "हा सिकलसेलचा एसएस रुग्ण आहे. कळा इतक्या वाजल्यापासून आहेत. घरी ही गोळी दिली, आराम नाही." दुखणे शून्य ते दहा यात किती, ते रुग्णालाच सांगू द्या आणि केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. आल्याची वेळ आणि पहिले औषध दिल्याची वेळ आपल्या वहीत लिहा. धाप लागत असेल तर बोटाला लावायच्या यंत्राने ऑक्सिजन मोजायला सांगा. रेफर केले तर लेखी चिठ्ठी आणि १०८ ची गाडी मागा. गडचिरोलीपर्यंत स्वतःच्या पैशाने गाडी करून धावायची पाळी येऊ देऊ नका.

ही वही छोटी वाटेल. पण "फार उशीर केला" या शब्दांना कोणी विचारत नाही. "रात्री ११.१० ला आलो, पहाटे ५ ला सुई दिली" याला उत्तर द्यावे लागते.

आपले हक्क

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सर्व मोफत आहे. सिकलसेल रुग्णाला रक्तपिशवी मोफत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्याचे प्रमाणपत्र काढा. रुग्णाला एसटीत प्रवासाची सवलत आहे, आगारात कागदपत्रे विचारा.

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात निकाल दिला. रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले होते. न्यायालय म्हणाले, आणीबाणीत उपचार न देणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत १७ हक्क आहेत. भेदभावाशिवाय उपचार हा त्यातला एक. आपले कागद मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत द्यावेत असा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे.

जातीवरून दवाखान्यात प्रवेश नाकारणे, किंवा आत घेतल्यावर वेगळी वागणूक देणे, हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ५ प्रमाणे गुन्हा आहे. अनुसूचित जातीच्या माणसाला दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यापासून अडवणे ॲट्रॉसिटी कायद्यातही येते. बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातीचे संरक्षण आहे, म्हणून ते आपल्यालाही लागू आहे. मात्र लक्षात ठेवा, नुसता उशीर झाला म्हणजे ॲट्रॉसिटी होत नाही. जातीवरून झाले हे शब्दाने, वागण्याने, साक्षीदाराने दिसले पाहिजे. खोटी किंवा कच्ची तक्रार खऱ्या तक्रारीची वाट अडवते. उशिराची तक्रार उशिराचीच करा. ग्रामीण रुग्णालयाची असेल तर वैद्यकीय अधीक्षकाकडे, पुढे जिल्हा शल्य चिकित्सकाकडे. आरोग्य केंद्राची असेल तर तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

विहारात काय करता येईल

तथागतांची एक गोष्ट आपण विहारात ऐकतो. हगवणीने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता. तो कोणाच्या उपयोगाचा नव्हता म्हणून बाकीचे त्याच्याकडे पाहत नव्हते. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः त्याला आंघोळ घातली, उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला समज दिली, की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. आमच्या मते शुश्रूषेचा हा सर्वांत जुना धडा आहे. आजाऱ्याची किंमत त्याच्या उपयोगावरून ठरत नाही.

म्हणून येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर एक तास द्या. वस्तीत किती जणांची तपासणी झाली, किती राहिली, याची यादी करा. आशाताईंना बोलवा आणि तपासणी शिबिराचा अर्ज ग्रामसभेत ठेवा. आपल्या तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ग्रामसभेच्या बळावर २००९ साली जंगलाचा हक्क मिळवला. मग एक तपासणी शिबिर आणि "अर्ध्या तासात औषध" एवढा एक फलक मिळवणे आपल्याला अशक्य नाही. वधू-वर परिचय मेळाव्याच्या फॉर्मवर शिक्षणाच्या रकान्याखाली सिकलसेल तपासणीचा रकाना घाला, मुलगा-मुलगी दोघांनाही. वाहक म्हणून कोणाचे लग्न मोडायचे नाही. दोन वाहक एकत्र येत असतील तर त्यांना आधी सगळे कळावे आणि निर्णय त्यांचा त्यांनी घ्यावा. आणि दोन-तीन तरुण असे तयार करा, जे रात्री रुग्णासोबत दवाखान्यात जातील आणि वही लिहितील.

आम्हाला अजून ती माय आठवते. तिने काही फुकट मागितले नव्हते. पोराच्या शब्दावर विश्वास ठेवा, एवढेच ती म्हणत होती. पुढच्या वेळी अशी माय वॉर्डात एकटी बसलेली नसावी.

नमो बुद्धाय. जय भीम.